किल्ला आधी कागदावर पडू द्या

दरवर्षी २१ ऑक्टोबरच्या सकाळी मुंबईत नायगावच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर पोलीस स्मृतिदिनाचे संचलन होते. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांनी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या गस्ती तुकडीवर हल्ला चढविला आणि दहा जवानांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळला जातो. वर्षभरात कर्तव्य बजावताना प्राण वेचलेल्या पोलीस अधिकाऱ्यांची आणि शिपायांची नावे त्या दिवशी एकामागून एक वाचली जातात. नावे वाचली जात असताना मैदानावर जी शांतता असते, ती ज्याने अनुभवली आहे त्याला ती विसरता येत नाही.

परंतु संचलन संपते, पाहुण्यांच्या गाड्या निघून जातात आणि एक प्रश्न मैदानावरच मागे राहतो. ही नावे आदराने वाचण्याची आपली रीत उत्तम आहे. पण पुढच्या वर्षी ही यादी लहान व्हावी म्हणून आपण काय केले? हुतात्म्याच्या प्रतिमेला हार घालणे हे कृतज्ञ समाजाचे लक्षण होय. हुतात्मा होण्याची वेळच कमीत कमी जणांवर यावी अशी व्यवस्था उभी करणे हे मात्र जागृत राष्ट्राचे लक्षण आहे. या दोहोंमधील अंतर किती मोठे आहे, याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पठाणकोटचा धडा

२ जानेवारी २०१६ च्या पहाटे पठाणकोटच्या हवाई दलाच्या तळावर जैश-ए-महंमदच्या अतिरेक्यांनी हल्ला केला. हा हल्ला अनपेक्षित होता असे म्हणण्याची सोय नव्हती. आदल्या रात्रीच सीमेलगत एका पोलीस अधीक्षकाची गाडी पळविण्यात आली होती. इशारा मिळाला होता, राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो तळावर पोहोचलेही होते. तरीही शत्रू भिंत ओलांडून आत आला. मोहीम काही दिवस चालली आणि आपले सात जवान गेले. त्या सातांपैकी पाच जण डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, म्हणजे सैन्यातून निवृत्त होऊन पुन्हा पहाऱ्याच्या सेवेत दाखल झालेले होते. त्यांच्यापैकी जगदीश चंद यांनी हाती शस्त्र नसताना अतिरेक्याशी झटापट केली, त्याचेच शस्त्र हिसकावून त्याला ठार केले आणि मग स्वतः देह ठेवला.

हे शौर्य वंदनीयच आहे. तसेच शौर्य २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दाखविले. हातात केवळ लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली. या दोन प्रसंगांत आपण अभिमानाने मान उंच करतो. पण थोडे थांबून विचार केला, तर तीच मान लाजेने खालीही जावयास हवी. भारताच्या हवाई तळावर शत्रूशी पहिली गाठ नि:शस्त्र माणसाची का पडली? आणि मुंबईत स्वयंचलित रायफलीसमोर लाठी का उभी राहिली?

शौर्य हे नियोजनातील भगदाड बुजविण्याचे साधन नव्हे. जेथे योजना संपते तेथे शौर्य सुरू व्हावे. आपल्याकडे पुष्कळदा योजना सुरूच झालेली नसते आणि शौर्याला पहिल्या क्षणापासून धावून यावे लागते. मग आपण त्या वीराचा पुतळा उभारतो आणि योजनेचा विषय पुन्हा बासनात गुंडाळून ठेवतो.

त्या वेळी केंद्रात आपल्याच विचारांचे सरकार होते, म्हणून हे बोलू नये असे कोणी म्हणेल तर ते योग्य नाही. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी व्यवस्थेत काही उणिवा राहिल्या हे पत्रकारांसमोर लपविले नाही. आयआयटीत शिकलेला हा गोव्याचा स्वयंसेवक उणीव झाकण्यापेक्षा ती मोजण्यावर विश्वास ठेवणारा होता. निवृत्त लेफ्टनंट जनरल फिलिप कंपोज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून देशभरातील लष्करी तळांच्या सुरक्षेचा आढावा घेण्यात आला. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात उरी आणि नोव्हेंबरात नगरोटा घडले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुंजवान. समितीचा अहवाल आणि पहाऱ्यावरचा शिपाई यांच्यामध्ये जी लांब वाट असते, ती चालून संपण्याआधीच शत्रू पोहोचला होता.

दुर्गांच्या देशातील विस्मरण

खरे तर तळाचे रक्षण कसे करावे हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकविण्याची गरज नाही. ज्या भूमीत शेकडो दुर्ग उभे आहेत आणि जिच्या राज्यनीतीच्या ग्रंथात, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, दुर्गांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, त्या भूमीला दुर्ग राखणेही ठाऊक होते आणि दुर्ग कसा पडतो हेही ठाऊक होते. किंबहुना दुसरी गोष्ट ठाऊक होती म्हणूनच पहिली साधली.

फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चालून गेले. किल्लेदार उदेभान शूर होता, पहारा कडक होता. परंतु तो पहारा दरवाजांवर आणि चढता येईल अशा वाटांवर होता. जो कडा चढून कोणी येणारच नाही असे किल्ल्यावरच्या प्रत्येकाला वाटत होते, त्याच कड्यावरून मावळे वर आले. तीनच वर्षांनी, १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. संख्येच्या हिशेबात हे अशक्य होते. परंतु किल्ला राखणाऱ्यांचा हिशेब आणि किल्ला घेणाऱ्यांचा हिशेब हे दोन वेगळे हिशेब असतात, हेच या विजयांचे मर्म आहे.

रायगडाच्या हिरकणीची लोककथा आपण मुलांना मातृप्रेमाची कथा म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण सुरक्षेच्या दृष्टीने ती वाचली तर तिचा दुसरा अर्थ उलगडतो. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने एक गवळण रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्याच जागी बुरूज बांधून घेतला. तिला शिक्षा केली असती तर किल्ल्याची कच्ची बाजू तशीच राहिली असती. जिने ती उघडी केली तिला साडीचोळी आणि जी उघडी पडली तिच्यावर बुरूज, हा न्याय राज्यकर्त्याच्या शहाणपणाचा आहे. आजच्या आपल्या कार्यालयांत हिरकणीवर खातेनिहाय चौकशी बसली असती आणि कडा तसाच राहिला असता.

हजार रात्रींचा खेळ

शत्रूच्या डोळ्यांनी आपला किल्ला पाहण्याच्या या जुन्या विद्येला आधुनिक जगाने गणित आणि संगणक यांची जोड दिली आहे. तिलाच सिम्युलेशन, म्हणजे प्रतिरूपण, असे म्हणतात. नाव अवघड असले तरी कल्पना शाखेच्या मैदानावर किल्ला लढविण्याचा खेळ खेळलेल्या कोणालाही समजेल. दोन गट करायचे, एकाने राखायचे, दुसऱ्याने घ्यायचे. फरक इतकाच, की संगणकावर हा खेळ एकदा नव्हे तर हजारो वेळा खेळता येतो आणि प्रत्येक वेळी दैवाचा फासा वेगळा पडतो. या पद्धतीचा पाया दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लॉस अलामोस येथे स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी घातला. आजारपणात पत्त्यांचा डाव मांडून बसलेल्या उलाम यांना प्रश्न पडला, की हा डाव सुटण्याची शक्यता किती? सूत्राने उत्तर काढण्यापेक्षा डाव पुष्कळदा खेळून किती वेळा सुटतो ते मोजणे त्यांना सोपे वाटले. जुगाराच्या अड्ड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मोंटे कार्लो शहराचे नाव या पद्धतीला मिळाले ते त्यामुळेच.

सुरक्षेच्या कामी तिचा उपयोग कसा होतो हे पाहण्यासाठी एक काल्पनिक तळ घेऊ. भिंत सात फुटांची आहे. भिंत ओलांडल्यापासून विमानांच्या हँगरपर्यंत पोहोचावयास घुसखोराला सहा मिनिटे लागतात. शीघ्र कृती दलाचे ठाणे लांब आहे, त्याला हँगर गाठावयास आठ मिनिटे लागतात. सरकारने थोडा पैसा दिला आहे. तो कशावर खर्च करावा?

सर्वसाधारण उत्तर येते, भिंत दहा फुटांची करा. ते दिसते, त्याचे उद्घाटन करता येते, छायाचित्र छापता येते. परंतु भिंत शत्रूला थांबवीत नाही, ती केवळ त्याला उशीर करते. आणि तो भिंतीवर चढला आहे हे कोणाला कळतच नसेल, तर त्या उशिराचा उपयोग शून्य. दुसरा म्हणतो, भिंतीवर संवेदक बसवा, म्हणजे घंटा वाजेल. घंटा वाजली, पण शत्रू सहा मिनिटांत पोहोचला आणि आपले दल आठ मिनिटांत. दोन मिनिटांत विमाने जळून गेली. तिसरा म्हणतो, शीघ्र कृती दलाचे ठाणे जवळ आणा, म्हणजे ते पाच मिनिटांत पोहोचेल. यास खर्च सर्वांत कमी. पण घंटाच नसेल तर दल निघणार कशाच्या आधारावर? संगणकावर हजार रात्री खेळल्या की दिसते, तिघांपैकी कोणाचाही एकट्याचा उपाय पुरेसा नाही. निम्म्या, अधिक कच्च्या भिंतीवर संवेदक आणि ठाण्याचे स्थलांतर हा जोडउपाय उंच भिंतीपेक्षा कमी खर्चात अधिक रात्री वाचवितो.

पण खेळ येथे संपत नाही. आता पाऊस घाला. आषाढातील रात्री वाऱ्याने फांद्या हलतात, कुत्री फिरतात, घंटा एकाच रात्रीत वीस वेळा वाजते. तिसऱ्या आठवड्यात पहारेकरी ती बंद करून ठेवतो, कारण तोही माणूसच आहे. संवेदकाची तीव्रता कमी करावी, तर खरा शत्रू निसटण्याचा संभव वाढतो. आता माणसाचा थकवा घाला. एक जागा दिवसरात्र राखायची तर आठ तासांच्या तीन पाळ्या लागतात आणि साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण धरले तर एका जागेसाठी पाच माणसे लागतात. ती नसतील तर बारा-बारा तासांची पाळी होते आणि अकराव्या तासाला डोळे उघडे असले तरी दिसत काही नाही. २०१६ मध्ये मुंबई पोलिसांनी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू केला. त्याची कल्पना एका शिपायानेच मांडली होती. शिपायाची झोप हा केवळ कल्याण निधीचा विषय नाही, तो सुरक्षेचा विषय आहे, हे अशा खेळात आकड्यांनी सिद्ध होते.

आणि मग सर्वांत कठीण प्रश्न येतो. शीघ्र कृती दलाचे ठाणे हँगरजवळ नेले तर ते कुटुंबांच्या निवासस्थानांपासून दूर जाते. १४ मे २००२ रोजी जम्मूजवळ कालूचक येथे अतिरेकी सैनिकांच्या कुटुंबांच्या वसाहतीत घुसले आणि स्त्रिया व मुलांसह तीसहून अधिक जणांची हत्या झाली. सोळा वर्षांनी सुंजवानलाही ते कौटुंबिक निवासस्थानांकडेच वळले आणि जवानांबरोबर एका जवानाच्या वडिलांचाही बळी गेला. एका बाजूस शेकडो कोटींची विमाने, ज्यांच्यावर देशाचे संरक्षण अवलंबून आहे. दुसऱ्या बाजूस ज्यांच्या भरवशावर जवान सीमेवर जातो ते त्याचे घर. ठाणे येथे ठेवले तर तेथे इतक्या रात्री धोक्याच्या, तेथे ठेवले तर येथे इतक्या, एवढे संगणक सांगतो. कोणते अधिक मोलाचे हे तो सांगत नाही. तो निर्णय माणसानेच घ्यावयाचा, आणि ज्याने घेतला त्याने त्याची जबाबदारीही घ्यावयाची. आज असे निर्णय घेतले जातच नाहीत असे नाही. ते नकळत घेतले जातात, आणि नकळत घेतलेल्या निर्णयाचा धनी कोणीच नसतो.

तांबे यांचे गणित

या विद्येत एका मराठी आडनावाचा दबदबा आहे ही आपल्या अभिमानाची गोष्ट. बिट्स पिलानीचे पदवीधर प्रा. मिलिंद तांबे यांच्या चमूने अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विमानतळासाठी एक संगणकीय प्रणाली तयार केली आणि २००७ पासून तेथे ती वापरात आली. तिच्या मुळाशी असलेली अडचण अशी, की पहारेकरी रोज दिसतो आणि शत्रू त्याला महिनोन्‌महिने पाहत असतो. नाकाबंदी रोज एकाच रस्त्यावर, गस्त रोज एकाच वेळी असेल, तर पाहणाऱ्याला वेळापत्रकच मिळाले. उलट, पूर्णपणे मनास येईल तशी गस्त घातली तर महत्त्वाची आणि बिनमहत्त्वाची जागा यांत भेद राहत नाही. तांबे यांच्या प्रणालीने दोन्ही साधले. मोलाच्या जागी पहारा अधिक वेळा, पण नेमका केव्हा हे कोणालाही सांगता येऊ नये. पुढे २०११ मध्ये बोस्टन बंदरात अमेरिकन तटरक्षक दलाच्या गस्तीसाठीही याच विचाराची प्रणाली वापरण्यात आली.

ज्या शहरात समुद्रमार्गे येऊन दहा जणांनी रक्तपात घडविला, त्या शहराने या बातमीकडे अधिक लक्षपूर्वक पाहावयास हवे. आपल्याकडे साधनांचा अगदीच अभाव आहे असेही नाही. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची दिल्लीतील एक प्रयोगशाळा युद्धखेळ आणि प्रणाली विश्लेषण यांसाठीच आहे. पुण्याजवळ गिरीनगर येथील संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेत प्रतिरूपणाचे शिक्षण दिले जाते. गोव्यात नौदलाचे युद्ध महाविद्यालय आहे. ही विद्या मोठ्या युद्धांच्या आखणीपुरती न राहता प्रत्येक तळाच्या दारापर्यंत, आणि तेथून शहरातील सशस्त्र पोलिसांच्या मुख्यालयापर्यंत उतरली पाहिजे.

पाचशे मीटर की दहा?

आता हा विषय सामान्य मुंबईकराच्या घराशी कसा येऊन भिडतो ते पाहू. कुलाब्यातील आदर्श इमारतीचे प्रकरण २०१० मध्ये गाजले. त्यानंतर संरक्षण मंत्रालयाने मे २०११ मध्ये परिपत्रक काढले. लष्करी आस्थापनांपासून १०० मीटरच्या आत ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय बांधकाम नको, आणि चार मजल्यांहून उंच इमारत असेल तर ही मर्यादा ५०० मीटरपर्यंत. याचा फटका मालाड-कांदिवलीच्या आयुध आगाराभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या साध्या माणसांना बसला. इमारती जीर्ण झालेल्या, पण पुनर्विकास अडलेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम बदलले आणि देशातील अनेक आस्थापनांसाठी ही मर्यादा थेट १० मीटरवर आली.

पाचशेवरून दहा! यात पाचशे बरोबर होते की दहा बरोबर आहे, हा प्रश्न मी विचारीत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. पाचशे हा आकडा कोणत्या हिशेबातून आला आणि दहा कोणत्या? एका घोटाळ्याच्या धक्क्याने आकडा वर गेला आणि नागरिकांच्या न्याय्य आक्रोशाने तो खाली आला, असेच सामान्य माणसाला दिसले. प्रत्येक तळाची जमीन, उतार, शेजारची वस्ती, आत काय ठेवले आहे, हे सारे वेगळे असते. दारूगोळ्याच्या कोठाराला लागणारे अंतर आणि कपड्यांच्या गोदामाला लागणारे अंतर एक असू शकत नाही. विदर्भातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आग लागली आणि अधिकारी, जवान व अग्निशामक दलाची माणसे मृत्युमुखी पडली. तेथे बाहेरून कोणी शत्रू आला नव्हता. म्हणजे सुरक्षेच्या पिशवीतील प्रत्येक रुपया भिंतीवर घातला तर तो कोठाराच्या आतल्या धोक्यासाठी उरत नाही, हाही हिशेब त्यात आहे.

नायगावचेच उदाहरण घ्या. पोलीस मुख्यालय हे लष्करी तळ नव्हे. पण सशस्त्र दल, त्याची वाहने आणि त्याची कुटुंबे जेथे एकत्र नांदतात, तेथे प्रश्न तोच असतो. परिसरात १९२० च्या दशकातील बीडीडी चाळी आहेत, पोलिसांची बिऱ्हाडे त्यांतही आहेत. त्या चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. दहा बाय सोळाच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला प्रशस्त घर मिळावे, हे कोण नाकारील? येथे पाचशे मीटरचे वर्तुळ काढले तर अर्धे नायगाव त्यात जाईल. म्हणून दाट वस्तीच्या शहरात सुरक्षा अंतरातून मिळत नाही, ती विचारातून मिळवावी लागते. कोणत्या बाजूस खिडक्या असाव्यात, कोणता रस्ता कोणत्या वेळी मोकळा राहावा, शेजारच्या दुकानदाराला आणि मंडळाच्या कार्यकर्त्याला संशयास्पद गोष्ट कोठे कळवावी हे ठाऊक आहे की नाही, या साध्या गोष्टी खेळात घालून पाहिल्या तर पुष्कळदा त्यांचे वजन भिंतीहून अधिक भरते. शेजारी राहणारा जागरूक नागरिक हा तळाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू संवेदक आहे. त्याला केवळ अडथळा मानणे ही योजनेची चूक ठरेल.

शिवाय जमिनीवरील अंतराचा हिशेबच आता अपुरा पडू लागला आहे. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी पाकिस्तानने आपल्या अनेक तळांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली; आपल्या हवाई संरक्षणाने त्यांतील बहुतेक निष्फळ ठरविली. त्यानंतर काही दिवसांतच, १ जून २०२५ रोजी, युक्रेनने मालमोटारींत लपवून नेलेले ड्रोन रशियाच्या हवाई तळांजवळून सोडले आणि सीमेपासून हजारो किलोमीटर आत उभी असलेली बॉम्बफेकी विमाने जाळली. एका बाजूला अब्जावधींचे विमान, दुसऱ्या बाजूला काही हजारांचे यंत्र. कोंढाण्याचा कडा आता आकाशात आहे. तो कोणत्या बाजूने चढला जाईल हे घटनेनंतर समजून उपयोग नाही.

हरण्याची तयारी

या विद्येला एक मोठा शत्रू आहे, आणि तो सीमेपलीकडे नाही. २००२ मध्ये अमेरिकेने एक प्रचंड युद्धखेळ खेळला. शत्रूपक्षाची भूमिका निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. त्यांनी निरोप मोटारसायकलस्वारांकरवी पाठविले, छोट्या नौकांचा थवा सोडला आणि पहिल्याच तडाख्यात अमेरिकी आरमाराची सोळा जहाजे खेळात बुडविली. मग काय झाले? बुडालेली जहाजे पुन्हा तरंगू लागली, शत्रूपक्षावर बंधने घालण्यात आली आणि खेळ ठरल्याप्रमाणे जिंकण्यात आला. व्हॅन रायपर बाहेर पडले. बलाढ्य महासत्तेलाही कागदावर हरणे सोसले नाही.

आपण तरी याहून वेगळे आहोत काय? तालमीचा दिवस आधी सर्वांना कळविला जातो, पाहुणे येतात, अतिरेकी झालेला शिपाई ठरल्या जागी पकडला जातो, टाळ्या वाजतात. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दाखवून दिले, की संकटकाळी काय करावे याची कार्यपद्धती लिहिलेली होती. ती पाळली गेली नाही. जे कागदावर लिहिले जाते पण कधी खऱ्या अर्थाने खेळून पाहिले जात नाही, ते संकटाच्या रात्री कोणालाच आठवत नाही.

म्हणून तीन गोष्टी आग्रहाने मांडाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक महत्त्वाच्या तळावर आणि सशस्त्र पोलिसांच्या मुख्यालयात वर्षातून एकदा तरी हल्ल्याचे प्रतिरूपण व्हावे आणि शत्रूपक्षाची भूमिका बाहेरच्या तुकडीकडे असावी, ज्यांना त्या अधिकाऱ्याची मर्जी राखायची नाही. दुसरी, त्याचा निष्कर्ष, विशेषतः पराभवाचा निष्कर्ष, एकही ओळ न बदलता वर जावा. तो गुप्त असावा हे उघडच आहे; परंतु खेळ झाला की नाही आणि त्यानंतर काय सुधारले, याचा जाब संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समितीला मागता आला पाहिजे. तिसरी, आपली कच्ची बाजू दाखवून देणाऱ्या कनिष्ठाला शिक्षा नव्हे, सन्मान मिळावा. हिरकणीला मिळाला तसा.

काही मंडळी म्हणतील, यंत्राला देशभक्ती काय कळणार? खरे आहे. जगदीश चंद त्या पहाटे काय करतील हे कोणत्याही संगणकाने सांगितले नसते, आणि ओंबळ्यांची मूठ कोणत्याही गणितात बसत नाही. परंतु म्हणूनच अशी माणसे आकड्यांच्या निष्काळजीपणात गमावणे हे पाप आहे. सैनिकाने प्राण द्यावयास सिद्ध असावे, हा त्याचा धर्म. तो प्राण व्यर्थ मागितला जाऊ नये हे पाहणे, हा राज्याचा आणि त्या राज्याला निवडून देणाऱ्या आपला धर्म.

येत्या २१ ऑक्टोबरला नायगावच्या मैदानावर पुन्हा नावे वाचली जातील. आपण उभे राहू, मस्तक नमवू. त्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या शिपायाची मुलगी त्या वेळी जवळच्याच चाळीत शाळेचे दप्तर भरत असेल. तिच्या वडिलांचे नाव त्या यादीत कधीही येऊ नये, एवढ्यासाठी आपला किल्ला आधी कागदावर शंभरदा पडला तरी चालेल. जमिनीवर मात्र तो एकदाही पडता कामा नये.